पाळीची माती आणि चार टायर

भेव लागलं हे सांगायची माणसाला लाज वाटते, मग तो दुसरंच काहीबाही सांगत बसतो. मी टायरचं सांगत बसलो. तीन आठवडे भंडारा, लाखनी, साकोली, जिथं टायरचं दुकान दिसेल तिथं मी पिकअप उभी करायचो, आत जायचो, टायर बघायचो आणि घरी येऊन त्याची खोड सांगायचो. हे रोडचं आहे, चिखलात जागच्या जागी फिरत राहील. हे चिखलाचं आहे, डांबरी रस्त्यावर घूं घूं करून डोकं उठवतं. याची बाजू नरम आहे, दगड लागला की फुगा येईल. बायको जाळं विणता विणता ऐकायची. मान वर न करता विचारायची, "मंग उद्या कोठी जाता?"

खरी गोष्ट अशी की मला टायर मिळूच नये असं वाटत होतं. टायर मिळाले की पाळीवर गाडी न्यावी लागणार होती, आणि त्या पाळीचं नाव निघालं की मी उठून गाडी पुसायला जायचो.

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आमच्या भंडारा जिल्ह्यात तलावांना तोटा नाही आणि आमच्यासारख्यांचं पोट त्यांच्यावरच. आमचं जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या वस्तीत आलो तेव्हा बाप म्हणाला, "गाव गेलं तं गेलं, मासा कोठी जाते?" तो शेवटपर्यंत डोंग्यात उभा राहून जाळं टाकत राहिला. मी एक जुनी पिकअप घेतली आणि बोटुकली वाहायला लागलो. बोटुकली म्हणजे बोटाएवढं झालेलं माशाचं पिल्लू. पावसाळ्यात तलाव भरले की मच्छीमार सोसायट्या ती तलावात सोडतात. बीज केंद्रातून ती उचलायची आणि तलावापर्यंत जिवंत पोचवायची, हा माझा धंदा. मेलेल्या बोटुकलीला कुत्रंही विचारत नाही.

बारीक जिरं, म्हणजे नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू, असलं तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून नेता येतं. मोठ्या पिल्लाला ड्रम लागतो, आणि ड्रममधलं पाणी हाताने थापटत राहावं लागतं. हात थांबला की पिल्लं वर येतात, तोंडं वासतात आणि बघता बघता उलटी होतात. त्यासाठी आता मशीनही मिळतं. मी एक आणलं होतं, ते दुसऱ्याच खेपेला बंद पडलं. बायको म्हणाली, "फेका ते डबडं." तेव्हापासून गाडीच्या मागे, चार निळ्या ड्रमांच्या मधोमध ती बसते. एक हात या ड्रमात, एक हात त्या ड्रमात, थप थप थप. केबिनची मागची काच मी काढूनच टाकली आहे, त्यामुळे गाडी चालवताना तो आवाज माझ्या कानात सारखा असतो.

एकोडीकडे तिचं माहेर. तिचा मोठा भाऊ तिथल्या सोसायटीचा अध्यक्ष. त्यांच्या तलावात बोटुकली सोडायची जागा पाळीच्या पार त्या टोकाला आहे, कारण अलीकडच्या काठावर सगळं बेशरमच्या झुडपांचं रान माजलेलं. खालून जावं म्हटलं तर खाली धानाच्या बांध्या, रोवणी झालेल्या, घोटाभर पाण्याच्या. म्हणजे गाडी पाळीवरूनच न्यायची. पाळीची रुंदी गाडीपुरती. उजव्या हाताला तलाव, डाव्या हाताला दोन पुरुष खोल उतार, आणि माती अशी की ओली झाली म्हणजे निव्वळ साबण.

मागच्या वर्षी पाळीवर निम्म्यात असताना गाडीचा मागचा भाग डावीकडे गेला. स्टेअरिंग फिरवलं, गाडीने ऐकलं नाही. ब्रेक मारला, ते तर चुकलंच. चारही ड्रमांतलं पाणी एका बाजूला आल्याचं मला माझ्या पाठीत समजलं. मागची थप थप बंद झाली. आणि मी दार उघडलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको मागे, चार भरलेल्या ड्रमांच्या मधे, आणि मी गाडीचा ड्रायव्हर, माझ्या बाजूचं दार उघडून उजवा पाय खाली चिखलात टाकलेला. आणखी एक क्षण, की मी तलावाच्या काठाला सुखरूप आणि ती ड्रमांखाली बांधीत. मी काही ठरवलं नव्हतं, ते सगळं पायाने केलं. पण पाय काय शेजाऱ्याचा होता?

पाळीच्या कडेला मोहाचं एक जुनं खुंट होतं. मागचा एक्सल त्याला अडकला आणि गाडी थांबली. मी पाय आत घेतला, दार लावलं. हो, लावलं. मग जणू आत्ताच उतरतोय असं ते पुन्हा उघडून उतरलो आणि मोठ्याने ओरडलो, "लागलं का वो?" तिचा गुडघा ड्रमला आपटून फुगला होता. दोन्ही हातांनी तिने ड्रमांचे काठ धरून ठेवले होते, बोटं पांढरी पडली होती.

"पिल्लं पाहा पयले," ती म्हणाली.

गाव धावून आलं. बादल्यांनी, घमेल्यांनी पिल्लं पाळीवरून पलीकडे नेली, अर्धी वाचली, अर्धी वाटेतच गेली. जो तो म्हणाला, टायर पाहा कसे गोटा झाले, याच्यात तुमी तरी काय करान जवाई. मीही तेच म्हणालो. टायर बिचारे बोलत नाहीत.

माझी उजवी चप्पल गाडीच्या मागे दहा-बारा हातांवर चिखलात रुतलेली होती. पाय जिथं टेकला तिथं ती राहिली आणि गाडी घसरत पुढे गेली. बायकोनेच ती उपटून काढली, तलावात धुतली आणि माझ्या पायाशी ठेवली. "तुमची," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "उतरताना निघाली वाटते." ती लंगडत घमेल्याकडे वळली. मला वाटलं, सुटलो.

सुटतो कसला! आमच्यात एक रीत आहे. डोंग्यात बांबू ज्याच्या हातात असतो तो सगळ्यात शेवटी उतरतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा बांबू मारत डोंगा काठाला आणला आणि आईच्या आधी मीच टुणकन उडी मारली. डोंगा मागे सरकला आणि उतरायला उठलेली आई पाण्यात. कंबरभर पाणी होतं, तिला काही झालं नाही, उलट तीच खदखदून हसली. बाप हसला नाही. जेवताना म्हणाला, "बांबू हातात घेतला तं आपला जीव मोजाचा नाही. पयले बसलेले मोजाचे." बाप जाऊन सात वर्षं झाली. त्या दिवशी पाळीवर तो नव्हता हे बरं झालं, असं मला वाटलं, आणि असं वाटलं याचीही लाज वाटली.

वर्षभर मी फक्त डांबरी रस्त्याची भाडी केली. तरी वैनगंगेच्या पुलावरून जाताना मी कठड्यापासून लांब, मधोमध गाडी घ्यायचो. बायको मागे बसलेली असली की नजर आपोआप दाराच्या हँडलकडे जायची. गाडीचं मला भेव नव्हतं, पाळीचंही थोडंच होतं. भेव माझंच होतं. पुन्हा तसं झालं तर हा गडी पुन्हा दार उघडेल, याची मला पक्की खात्री होती, आणि पुढच्या वेळी खुंट कुठून आणायचं?

यंदा आषाढातली आखाडी झाली आणि तिच्या भावाचा फोन आला. "तलाव भरला. जवाईले म्हणा, टायर बदलवा अन् या. यंदा पुरं बीज पाह्यजे." तेव्हापासून माझी टायरची वारी सुरू झाली. बायकोने दोन आठवडे ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "तुमी टायर पाहून राहिले का पोरगी पाहून राहिले? एक काळी, एक ठेंगणी, एकीचं नाक बसकं. मी तं एका पाहण्यात पसंत पडली होती तुमाले."

"गाडीचं तुले काय समजते?" मी खेकसलो. आपलं पितळ उघडं पडायला आलं की माणूस असाच खेकसतो.

ती दोन दिवसांसाठी माहेरी गेली आणि एसटीने परत आली. पिशवीत पोहे असतील, अंबाडीची भाजी असेल म्हणून मी हात घातला, तर हात गार चिखलात. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून किलोभर माती.

"हे काय आणलं?"

"पाळीची माती. खुंटापाशीची." तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "उद्या मी येते टायर घ्याले."

मला त्या रात्री झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

भंडाऱ्यातलं ते दुकान मी आधी चारदा पाहिलेलं होतं. मालक मला ओळखायला लागला होता आणि मी आलो की त्याचा चेहरा पडायचा. त्या दिवशी बायको बरोबर बघून त्याला उभारी आली. त्याने तीन टायर भिंतीला उभे केले. "ताई, तीन जाती असतात. हा रोडचा. हा निव्वळ चिखलाचा. अन् हा दोन्हीकडचा, याले ऑल टेरेन म्हणतात. भाऊले सगळं सांगितलं मी, चार बार सांगितलं."

बायकोने पदर खोचला आणि रोडच्या टायरपुढे उकिडवी बसली. टायरच्या खाचेत तिने बोट घातलं. आमच्यात जाळं असंच मोजतात. भोकात एक बोट गेलं तर एका बोटाचं जाळं, दोन गेली तर दोन बोटांचं. रोडच्या टायरात तिची करंगळीही जाईना. चिखलाच्या टायरात तीन बोटं आरामात गेली. ऑल टेरेनमध्ये मधल्या भागात एक आणि कडेला दोन.

मग तिने पिशवीची गाठ सोडली.

"ओ ताई! ये क्या कर रहे?" मालक उडालाच. "नवा माल आहे ना!"

"धुऊन देते भाऊ," ती म्हणाली आणि बाटलीतलं पाणी घालून तिने माती पायाने तुडवतात तशी हाताने मळली. पाळीवर असते तशी झाली तेव्हा थांबली. तिन्ही टायरांच्या खाचांमध्ये तिने अंगठ्याने दाबून दाबून माती भरली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती चहा हातात धरून बघत राहिली. मी पानठेल्याकडे तोंड करून उभा होतो. जमीन दुभंगली असती तर मी खुशाल आत गेलो असतो.

"आता आपटा," ती मालकाला म्हणाली.

"काय?"

"टायर उचला अन् खाली आपटा. गाडी चालते तं आपटते नं ते?"

का कोण जाणे, पण त्याने ऐकलं. रोडचं टायर दोनदा आपटलं. माती जशीच्या तशी, खाचा भरून टायर गुळगुळीत गोटा. चिखलाचं आपटलं, सगळी माती भसकन खाली. ऑल टेरेन आपटलं, मधली थोडी राहिली, कडेची सगळी पडली. दुसऱ्यांदा आपटलं, मधलीही निघाली.

"जाळ्यात गाळ बसला का जाळं वर येत नाही," ती म्हणाली. "मले गाडीचं समजत नाही. गाळाचं समजते."

मालक तिच्याशेजारी उकिडवा बसला. "पयल्यांदा पाह्यली अशी टेस्टिंग," म्हणाला. त्याचा राग गेला होता. आता तो तिच्याशीच बोलत होता, मी नुसता तिथं उभा. चिखलाचं टायर का नको ते तिनेच विचारलं. तो म्हणाला, डांबरी रोडवर पाणी असलं तर त्याचा ब्रेक उशिरा लागतो आणि गाडी हादरते. "हादरली तं पिल्लं मरन," ती म्हणाली. "तलाव येईपर्यंत सारा डांबरीच आहे." तिने ऑल टेरेनवर हात ठेवला. मालकाने एक गोष्ट मात्र चांगली सांगितली. कारसाठी बनलेलं ऑल टेरेन दिसायला रांगडं असतं, पण पिकअपचा भार त्याला पेलत नाही. टायरच्या बाजूवर भाराचा आकडा असतो, तो पाहून घ्यायचा. त्याने आमच्या गाडीचा आकडा मिळवून पाहिला आणि भाराचा माल आतून काढून आणला. बायकोने त्या नव्या टायरांत पुन्हा बोट घालून पाहिलं. तिचा कुणावर विश्वास नाही.

"मांगच्या चाकाले दोन नवे बसवा, समोर जुनेच राहू द्या," मी म्हटलं. हा माझा शेवटचा डाव होता. दोनच घेतले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी काढता आलं असतं.

"चारही," ती म्हणाली.

मालकाने चाकं चढवता चढवता मला सांगितलं, "भाऊ, चिखलात ब्रेक नोका मारू अन् गॅसही नोका देऊ. पयल्या गिअरात तिले तिच्या मनानं सरकू द्या." मी मान डोलावली. आता कोणतंही निमित्त उरलं नव्हतं.

तीन दिवसांनी आम्ही बोटुकली भरली. निघताना तिने चारही चाकांना हळदकुंकू लावलं, चाकांखाली चार लिंबं ठेवली. ती फुटली आणि गाडी निघाली. साकोलीपर्यंत गाडी छान चालली, नवे टायर रस्त्याला धरून होते, मागून थप थप चालू होती. मी मनातल्या मनात पाऊस मागत होतो. जोरात आला असता तर भावानेच फोन करून नको म्हटलं असतं. आला नाही. आदल्या दिवशी मात्र येऊन गेला होता, पाळ चमकत होती.

पाळीच्या तोंडाशी मी गाडी उभी केली. पलीकडच्या टोकाला तिचा भाऊ आणि सोसायटीची माणसं उभी, एवढीशी दिसत होती. एकाने हात हलवला. बायको मागे ड्रमांवरची ओली पोती नीट करत होती. मी खिशातून जाळ्याची नायलॉन दोरी काढली. घरूनच आणली होती. दाराचं हँडल मी सीटच्या लोखंडाला बांधलं. एक गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. आमच्या गाठी सुटत नाहीत, त्या कापाव्या लागतात. आता पायाला काय करायचं ते करू दे, दार उघडणार नव्हतं.

ती चाकं बघायला खाली उतरली आणि माझ्या बाजूने आली. खिडकीतून तिने दोरी पाहिली.

"हे काय?"

"दार खुलखुल करून राहिलं."

"दार नाही खुलखुल करत." तिने कमरेचा चाकू काढला, खिडकीतून हात आत घातला आणि गाठीला लावला.

"राहू दे वो. राहू दे म्हणतो नं!" आणि मग वर्षभर गिळलेलं सगळं एकदमच बाहेर आलं. "मांगच्या साली मी दार उघडलं होतं. तू मांगं होती अन् मी पाय बाहेर..."

"मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"चप्पल कोणं काढली चिखलातून? गाडी कोठी अन् चप्पल कोठी. मी काय बयाड आहो?"

ती गाठ कापत होती, चाकू बोथट होता, वेळ लागत होता. मी तिच्या चाकू धरलेल्या हाताकडे बघत राहिलो, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

"सालभर बोलली नाही तू," मी म्हणालो.

"बोलली असती तं तुमी गाडी इकली असती अन् मले तोंड दाखवलं नसतं." दोरी सुटली. ती तिने गुंडाळून स्वतःच्या कमरेला खोचली. "बांधाचं नाही. गाडी पाण्यात गेली तं बांधल्या दारातून कसे निघान तुमी? मी खाली कोणाले शोधू, पिल्लाले का तुमाले?"

"अन् मी आजबी उडी मारली तं?"

तलावाकडे पाहिलं तिने, मग पाळीकडे.

"भेव तं मलेबी लागते," ती म्हणाली. "मांगं बसून मी काय गाणे म्हणते का? हात कापतात माहे. पाणी थापटून राहते म्हणून दिसत नाही."

इतक्या वर्षांत हे मला कधी कळलं नव्हतं. थप थप ऐकत मी गाडी चालवली आणि मला वाटायचं, ही बिनघोर आहे. मी म्हटलं, तू पायी ये, पिल्लं मरतील तर मरू दे. ती म्हणाली, "काहून मरू देऊ?" आणि मागे चढली. थप थप सुरू झाली.

मी पहिला गिअर टाकला. चाकं पाळीवर चढली. एक नवाच आवाज यायला लागला, चाकांतून सुटलेला चिखल मडगार्डवर आपटत होता, फट, फट, फट. तिने अंगठ्याने दाबलेली माती दुकानात पडली होती तशीच पडत होती. मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की मनगटात कळ आली. डावीकडे बघायचं नाही, उजवीकडे बघायचं नाही. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर एकही आठवेना. मागून थप थप, खालून फट फट, मधे माझी छाती.

खुंट दिसलं. त्यावर मागच्या वर्षीचा एक्सलचा वळ अजून होता. ते खुंट ओलांडलं आणि मागचा भाग डावीकडे सरकला.

वीतभरच सरकला असेल. पण मला तो बरोब्बर तसाच वाटला. पाठीत तेच पाणी एका बाजूला आलं. थप थप थांबली. माझा पाय ब्रेककडे गेला, तो मी कसाबसा उचलला. आणि मी पाहिलं, माझा उजवा हात हँडलवर होता. कधी गेला ते मला माहीत नाही. हँडल ओढलेलं होतं. दार सुटलं होतं, चार बोटांची फट पडली होती आणि फटीतून तलाव दिसत होता, खाली, अगदी जवळ.

"आहेस का?" मी ओरडलो.

असं का ओरडलो ते मला आजही सांगता येणार नाही. मागे वळून बघायची सोय नव्हती.

"आहो!" मागून आवाज आला. "मोजाले एकटीच आहो! गाडी चालवा!"

मी दार ओढून घेतलं. गाडी पहिल्या गिअरात होती, तिला मी काहीच केलं नाही, तिच्या मनाने सरकू दिलं. मागची चाकं एकदा फिरली, दोनदा फिरली, चिखल मडगार्डवर फटाफट आपटला आणि टायरने माती धरली. मागचा भाग सरळ झाला. थप थप पुन्हा सुरू झाली, आधी वेडीवाकडी, मग नीट. मी रडत होतो हे मला नाकावरून पाणी ओघळलं तेव्हा समजलं.

पलीकडे पोचलो तसे सगळे धावले. भाऊ ओरडत होता, "वा जवाई, काय टायर आणले!" त्यांनी ड्रम उतरवले, काठाला नेले, तलावाचं पाणी थोडं थोडं आत घातलं आणि ड्रम आडवे केले. पिल्लं सळसळत गेली. मी केबिनमध्ये बसून होतो. इंजिन चालू, दोन्ही हात स्टेअरिंगवर. भाऊ दोनदा येऊन गेला, "उतरा नं जवाई, चहा आणला." मी मान हलवली. तो बुचकळ्यात पडून परत गेला. गाडीच्या मागे अजून ती होती. रिकामे ड्रम परत चढवेपर्यंत, पोती झटकेपर्यंत, सगळं होईपर्यंत ती मागेच होती आणि मी आरशात तिच्या लुगड्याचा एक कोपरा नजरेत धरून बसलो होतो.

मग तो कोपरा आरशातून गेला. गाडी किंचित हलली. पावलं ऐकू आली, चिखलातली.

दार तिने बाहेरून उघडलं. पाण्याने तिची बोटं सुरकुतून गेली होती आणि आता थापटायला पाणी नव्हतं म्हणून ती कापताना दिसत होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला पायात होत्या.

"सारे उतरले," ती म्हणाली. "मीबी उतरली. आता तुमी उतरा."

मग मी उतरलो.